दुपट्ट्याखालची मूठ

आमच्या घरी कुत्रा आणायचा की नाही, यावर दोन महिने चर्चा चालली. चर्चेला बसणारे आम्ही चौघे होतो, आणि चौघांपैकी एकानेही जन्मात कुत्रा पाळलेला नव्हता. त्यामुळे बोलणाऱ्या प्रत्येकाचं मत अगदी ठाम होतं. मुलीला कुत्रा हवा होता, कारण तिच्या वर्गातल्या दोघींकडे होता. नवऱ्याला नको होता, कारण तो धानाचा व्यापार करतो, अंगणात दिवसभर शेतकरी पोती घेऊन येतात, आणि त्यांच्यातल्या एकाच्या जरी पोटरीला दात लागले तरी पुढच्या हंगामात आमच्या दारात कोणी फिरकणार नाही. मला कुत्र्यांविषयी प्रेम नव्हतं आणि रागही नव्हता. घरात येणाऱ्या कोणत्याही जिवाचं खाणंपिणं शेवटी माझ्याच गळ्यात पडतं, एवढं मात्र माहीत होतं.

पग हे नाव मुलीने काढलं. लहान असतो, कमी खातो, फारसा भुंकत नाही, मुलांमध्ये रमतो, असं तिने मोबाइलवर वाचून दाखवलं. फोटोत त्याचं तोंड दारावर आपटल्यासारखं चपटं दिसत होतं. हा चावणार कुठून, असं नवऱ्याला वाटलं आणि त्याचा विरोध तिथेच ढिला झाला. उन्हाळ्याचा विचार माझ्या मनात एकदा येऊन गेला होता. आमच्या तिरोड्याचा मे महिना माणसांनाही धडपणे जगू देत नाही. पण तेव्हा डिसेंबर होता, आणि डिसेंबरमध्ये मे महिना कोणालाच खरा वाटत नाही.

चौथे मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांनी चर्चेत तोंड उघडलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस एके काळी बैलांचा पारखी म्हणून तालुक्याबाहेरही ओळखला जायचा. सालेकसा, दरेकसाकडची जंगलातली माणसंसुद्धा बैलजोडी घ्यायची म्हटली की आधी आमच्या दारात यायची आणि मामाजींना बाजारात घेऊन जायची. त्याबद्दल त्यांनी कधी काही घेतलं नाही. चहा, पान, आणि "तुमच्यामुळे जोडी चांगली भेटली" हे वाक्य, एवढ्यावर ते महिनाभर खूश असत. मग बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, ट्रॅक्टर फिरू लागले. बैल कमी झाले, बैल घेणारे कमी झाले, आणि मामाजींना बोलावणारं कोणी उरलं नाही. शेवटचं बोलावणं येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. तरी सकाळी ते अजूनही रस्त्याकडे तोंड करूनच ओट्यावर बसतात.

त्यांच्या पारखीचे नियम मी नवी सून म्हणून आले तेव्हापासून ऐकत होते. बैल उभा बघायचा नाही, चालताना बघायचा. चढावर चालवून मग बरगडीला कान लावायचा. नाकपुडी एवढी हवी की करंगळी सहज आत जाईल. दात सगळ्यात शेवटी. आणि निकाल कधीच तोंडाने सांगायचा नाही. खांद्यावरचा दुपट्टा पुढे ओढायचा, त्याच्याखाली घेणाऱ्याच्या हातात आपला हात द्यायचा. पंजा उघडा असेल तर घ्या, मूठ मिटलेली असेल तर सोडा. विकणाऱ्याला कळू नये म्हणून ही लपवाछपवी, असं मी समजत होते. आणखी एक नियम होता, आणि तो सगळ्यात कडक होता. पारख्याला नेलं तर त्याचं ऐकायचं. ऐकायचं नसेल तर न्यायचंच नाही.

गोंदियात एका व्यापाऱ्याच्या घरी दोन वर्षांचा पग होता आणि त्यांना तो द्यायचा होता. ओळखीतून निरोप आला. त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं आणि बाळाला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. मी रविवारी जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना मी सहज म्हटलं, "मामाजी, तुम्ही पण चला. तुमच्यासारखं जनावर कोण पाहणार?"

खरं सांगायचं तर ते मी त्यांचा मान म्हणून म्हटलं होतं. मुलगी फिसकन हसलीही. मामाजींनी घास तसाच ठेवला.

"मले नेता? कुत्रा पाहाले?"

"जनावरच आहे ना."

"जनावरच आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा जेवू लागले.

दुसऱ्या दिवशी मी आवरून बाहेर आले तेव्हा ते तासाभरापासून तयार होऊन ओट्यावर बसलेले. इस्त्रीचा सदरा, टोपी, खांद्यावर धुतलेला दुपट्टा. गाडी मी चालवत होते. वाटेत त्यांनी मुलीला कुत्र्याचं वय, खाणं, चाल असं काय काय विचारलं, आणि तिला मोबाइलवर वाचलेलं जेवढं आठवत होतं तेवढं तिने सांगितलं. ते गंभीरपणे मान हलवत होते.

त्या घरात एसी चालू होता, डिसेंबरातही. कुत्रा गादीवर बसला होता. मुलगी आत शिरताच त्याच्याजवळ गेली आणि दोन मिनिटांत तो तिच्या मांडीवर होता. घरमालकीणबाई म्हणाल्या, "देखो, कैसे घुल-मिल गया!" माझ्या दृष्टीने तिथेच काम झालं होतं. पण मामाजींचं अजून सुरूही झालं नव्हतं.

"याले थोडं चालवता का?" त्यांनी विचारलं.

बाईंना वाटलं, गंमत चालली आहे. मुलीने कुत्र्याला जिन्याने खाली नेलं, वर आणलं, पुन्हा नेलं. तिसऱ्या फेरीला तो मधल्या पायरीवर बसला आणि जीभ बाहेर काढून घरघर करू लागला. मामाजी त्याच्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग वाकून, टोपी हातात धरून, त्या एवढ्याशा बरगडीला कान लावला. बराच वेळ लावला. करंगळी नाकाजवळ नेली आणि तशीच मागे घेतली. त्या नाकात आगपेटीची काडीही गेली नसती. बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. मीही हसले. आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा हसले.

मग मामाजी उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी दुपट्टा पुढे ओढला.

मला क्षणभर समजेना. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. पायाला हात लावून नमस्कार सोडला तर सासऱ्यांचा आणि माझा स्पर्श म्हणून कधी झालेला नव्हता; आमच्याकडे तो करतही नाहीत. ते समोर बघत उभे होते. मी दुपट्ट्याखाली हात नेला. मूठ होती. घट्ट मिटलेली, हाडांची, गरम मूठ. समजायला काहीच कठीण नव्हतं.

मी मुलीकडे पाहिलं. ती पायरीवर बसून कुत्र्याच्या कानात काहीतरी सांगत होती. दोन महिन्यांनी कुठे नवऱ्याचं मन वळलं होतं. रिकाम्या हाताने घरी गेले असते तर "मी म्हणतच होतो" हे मला ऐकावं लागलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. त्याहून मोठं कारण शोधायचा मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला, पण सापडलं नाही. मी हात काढून घेतला आणि बाईंना म्हटलं, "ले जाते हैं, भाभीजी."

"नहीं जमा तो वापस ले आना," बाई म्हणाल्या.

मामाजींनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. परतीच्या वाटेवर कुत्रा मुलीच्या मांडीवर झोपून माणसासारखा घोरत होता.

हिवाळा चांगला गेला. मुलीने त्याचं नाव ठेवलं. ते इथे लिहिण्यात अर्थ नाही, कारण त्या नावाला त्याने कधी ओ दिली नाही. शेतकरी यायचे, त्याच्याकडे बघून हसायचे, तो त्यांचे पाय हुंगून पुन्हा पोत्यांच्या आडोशाला जाऊन पडायचा. नवऱ्यालाही त्याची सवय झाली. एरवी कुत्रा मामाजींच्या खाटेखाली असायचा. मामाजींनी त्याला कधी जवळ बोलावलं नाही आणि कधी हाकललंही नाही. मी मात्र मनातल्या मनात मामाजींना उत्तरं देत असायचे. बघा, खातोय, खेळतोय, मुलगी खूश आहे, कुठे काय बिघडलं? ते काही म्हणत नव्हते, म्हणून माझी उत्तरंही संपत नव्हती.

होळीनंतर त्याचा आवाज बदलला. दोन चकरा मारल्या की घशातून करवत चालल्यासारखा आवाज यायचा. मी कूलरसमोर त्याचं पोतं टाकलं आणि उन्हं चढली की त्याला बाहेर सोडायचं नाही, असा नियम केला. जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

मे महिन्यात उन्हाळी धान निघालं होतं आणि अंगणात ताडपत्र्यांवर वाळत होतं. आदल्या संध्याकाळच्या वादळात तारा तुटल्या होत्या, त्यामुळे सकाळपासून लाइन नव्हती. छतावरून वीज प्रकल्पाची धुराडी दिसतात आणि आमचा कूलर बंद, यावर नवरा दरवर्षी तोच विनोद करतो, तो त्याने त्याही दिवशी केला. अकराच्या सुमारास मुलगी धान पाय फिरवून पालथं करायला बाहेर गेली. दार उघडं राहिलं. कुत्रा तिच्यामागे गेला.

मी तिची किंकाळी ऐकून धावले. तो ताडपत्रीवर आडवा पडला होता, जीभ जांभळी, डोळे वर. मी त्याला उचललं, पण कुठे न्यायचं ते सुचेना. मामाजी खाटेवरून कधी उठले ते मी पाहिलं नाही. त्यांनी त्याला माझ्या हातातून घेतलं आणि कडुलिंबाच्या सावलीत नेऊन एका बारदान्यावर ठेवलं. "बादली आन," मला म्हणाले. "तोंडात पानी नोको टाकू. पाय आंदी भिजव. पोट." त्यांनी बोट घालून त्याच्या घशातली चिकट लाळ ओढून काढली. मग सूप घेतलं आणि त्याला वारा घालू लागले. ऊन लागलेल्या बैलाला जे करतात ते सगळं त्यांनी त्या पावणेआठ किलोच्या जिवाला केलं. अर्धा तास ते सूप हलवत होते. मी दोनदा म्हटलं, द्या माझ्याकडे. त्यांनी दिलं नाही.

तो वाचला. जीभ हळूहळू गुलाबी झाली, त्याने मान उचलली आणि मामाजींचा अंगठा चाटला. मुलगी रडून रडून दमली होती. ती आजोबांकडे वळली आणि जरा रागानेच म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर पारखून घेतला होता ना याला?"

मी तिथेच उभी होते. बादली माझ्या हातात होती.

"हो व," मामाजी म्हणाले. "मीच पाहिलो होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी गप्प राहिले.

मुलीने ते मैत्रिणींना सांगितलं, नवऱ्याने अंगणात येणाऱ्यांना सांगितलं. लोकांना थट्टेला विषय मिळाला. "बुढ्यानं उभा जलम बैल पारखले, अन कुत्र्यापासी फसला," असं एकाने त्यांच्यासमोरच म्हटलं. मामाजी हसले. "वय झालं गा," म्हणाले. मी आत तांदूळ निवडत होते. सून चुकली तर सासरा पांघरूण घालतो, हे ऐकलं होतं. माझ्यावर घातलेल्या त्या पांघरुणाखाली माझा जीव गुदमरत होता. पण बोलायचं म्हणजे मी त्यांची मूठ ओळखूनही झिडकारली, हे सांगणं आलं. दिवस जात राहिले.

मग पावसाळ्याच्या तोंडावर दरेकसाकडचा एक माणूस आला. पन्नाशीचा असेल. त्याच्या बांध्या डोंगराच्या उतरणीला, जंगलाला लागून, लहान लहान. ट्रॅक्टर तिथे चढत नाही. त्याला जोडी घ्यायची होती. त्याच्या बापाने मामाजींना नेलं होतं, म्हणून हाही आला होता. मामाजींनी मला पाणी आणायला सांगितलं तेव्हाचा त्यांचा आवाज मी सात-आठ वर्षांत ऐकला नव्हता. ते त्याला विचारत होते, उतरण केवढी, माती कशी, हाकणारा कोण. बोलता बोलता पाठ सरळ झाली होती.

तेवढ्यात कुत्रा खाटेखालून बाहेर आला आणि त्या माणसाच्या चपलेवर बसून घरघरू लागला. मुलीने भिजवून ठेवलेला रुमाल त्याच्या गळ्यात होता.

"हे काय होय बाप्पा?" तो माणूस हसला. "याले सास घेता नाई येत. हे कोन पसंद केलं?"

आत मी चहाचा कप उचलला होता. तो तसाच धरून उभी राहिले. मला वाटलं, आता तरी सांगतील.

"मीच," मामाजी म्हणाले.

तो माणूस आणखी हसला आणि मग हसायचा थांबला. मी नेऊन दिलेला चहा प्याला. पावसाचं बोलला. "पाहतो, भावाले इचारून सांगतो," म्हणाला आणि उठला. मामाजी "बरं बरं" म्हणाले. ते पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले, आणि मी ते तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. असं तोंड मी माझ्या वडिलांचं पाहिलं असतं तर मला सहन झालं नसतं. मी मागच्या दाराने घराला वळसा घालून फाटकापाशी गेले.

तो मोटारसायकलला किक मारत होता.

"भाऊ," मी म्हटलं, "तो कुत्रा मामाजींनी नापसंत केला होता. मूठ दिली होती त्यांनी मला. मला समजलं होतं. मीच ऐकलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "समजूनसन्या आनली?"

"हो."

"अन ते मीच म्हनून सांगून राहिले?"

"हो."

त्याने गाडी बंद केली, स्टँडवर लावली. मग काय झालं ते मी बघायला थांबले नाही. मागच्या दाराने आत आले तेव्हा ओट्यावर त्याचा आवाज ऐकू येत होता, "तं मंग येता ना बुधवारी?"

बुधवारी मामाजी गेले. इस्त्रीचा सदरा, धुतलेला दुपट्टा. संध्याकाळी परत आले तेव्हा धुळीने माखलेले आणि थकलेले होते. तीन जोड्या सोडून चौथी घेतली, एवढंच सांगितलं. जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा नेऊन दिला. कुत्रा त्यांच्या पायाशी पडला होता. घोरत नव्हता, डोळे उघडे होते. मामाजींनी बशीत चहा ओतला.

"काय सांगतली त्याले, फाटकापासी?"

मी उभीच राहिले. "खरं तेच सांगितलं, मामाजी. एवढे दिवस तुम्ही माझ्यासाठी लोकांचं ऐकून घेतलं. माझी चूक स्वतःवर घेतली. आणखी किती दिवस घेणार होतात?"

त्यांनी बशी खाली ठेवली. चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"तुयासाठी?" ते म्हणाले. "तुयासाठी कायले घेईन मी? चूक तं तू केली. मोठी चूक केली."

मग त्यांनी एकदा खाली पाहिलं, दुपट्ट्याचं टोक तोंडाशी नेलं आणि आवाज इतका उतरवला की मला वाकावं लागलं.

"ते बसून होतं ना पायापासी. पोरगी इचारली तवाई होतं, तो मानूस आला तवाई होतं. जनावराच्या तोंडावर 'तुले नापसंद केलो' म्हनून कोनी सांगते का? दुपट्टा कायले घेते मंग मानूस?"

 इतक्या दिवसांत त्या गोष्टीत मी होते, मामाजी होते, लोक होते. माझी लाज होती आणि त्यांचा मोठेपणा होता. कुत्रा नव्हताच. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण मला वाचवलं जातंय या कल्पनेची मला सवय झाली होती.

मामाजींनी बशी पुन्हा उचलली. कुत्र्याने मान त्यांच्या पावलावर टेकवली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गोंदियाच्या भाभीजी होत्या. कुत्रा उन्हात पडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं तेव्हापासून त्यांनी दोनदा विचारलं होतं, रखना है या वापस भेजना है. मी तिथेच फोन कानाला लावला आणि बोलायला तोंड उघडलं. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं.

"एक मिनट, भाभीजी," मी म्हटलं.

मी फोन घेऊन आत गेले, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या अंगणात आले, दार ओढून घेतलं, आणि मगच त्यांच्याशी बोलले.

"नहीं भाभीजी," मी हळू आवाजात म्हटलं, "हमारा ही है. यहीं रहेगा."